चावी फिरवल्यापासून इंजिन धरेपर्यंत

आईची तपासणी आटोपून आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा गाडी उभी करून पाऊण तास झाला होता. तिला मागच्या सीटवर नीट बसवलं, काठी पायाशी ठेवली आणि चावी फिरवली. सेल्फ फिरत राहिला, पण इंजिन धरेना. पाच सेकंद, सहा, सात. सोडला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पेट्रोलचा वास थेट आत आला. आई म्हणाली, "अगं थांब जरा, किती ताण देशील तिला." ती गाडीबद्दल बोलत होती. चौथ्या वेळी इंजिन लंगडत, थडथडत सुरू झालं, मागून काळा धूर आला आणि दहाएक सेकंदांत सगळं सुरळीत झालं. घरापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. दोन-तीन महिने अधूनमधून सेल्फ जास्त वेळ मारावा लागत होता आणि मी ते गाडीच्या वयावर ढकलत होते. गाडी अकरा वर्षांची, चार सिलिंडरची, इंजेक्शनची, प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असलेली. पण आईला घेऊन कुठे अडकणं मला परवडणारं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं की याचा शेवट लावायचा.

सगळ्यात आधी मी जे केलं ते चुकलं. मी नवी बॅटरी घेतली. जुनी चार वर्षांची होती, सेल्फ थोडा जड फिरतोय असं वाटत होतं, म्हणून तर्क जुळला. नवी बॅटरी बसवली, दोन दिवस मनाने सांगितलं की फरक पडलाय, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच लांबलेला सेल्फ. विशेष म्हणजे नव्या बॅटरीवरही तो जडच फिरत होता. हीच खूण मला आधी दिसायला हवी होती: नवीकोरी बॅटरी आणि तरीही सेल्फ जड, म्हणजे वीज बॅटरीतून निघते पण सेल्फपर्यंत पुरती पोचत नाही.

इथे आमच्या शेजारच्या काकांनी हात घातला. काकांनी आयुष्यभर इंजिनांचं काम केलंय, आता निवृत्त आहेत, पण बॉनेट उघडलेलं दिसलं की त्यांचे पाय आपोआप वळतात. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "कधी स्टार्ट होत नाही?"

मी म्हटलं, "कधीही. नेम नाही."

"नेम असतोच. तू लिहून ठेवलं नाहीस, म्हणून दिसत नाही. आजपासून वही कर."

वही केली. प्रत्येक वेळी चावी फिरवली की सहा गोष्टी लिहायच्या: गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गार की गरम, बाहेर थंडी की ऊन, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का, सेल्फ किती सेकंद मारावा लागला, आणि सुरू होताना वास किंवा धूर आला का. मोबाइलवर वेळ मोजायची. तीन आठवडे हे इमानाने केलं. पहिले काही दिवस कंटाळा आला, पण दहाएक नोंदी झाल्या की आकडे बोलायला लागतात.

दरम्यान काकांनी सेल्फच्या जडपणाचा निकाल लावला. मल्टिमीटर त्यांनी माझ्याच हातात दिला. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा तो आकडा. १२.२ च्या आसपास दिसलं तर बॅटरी साधारण अर्धी उतरलेली समजायची. मग मी सेल्फ मारत असताना त्यांनी तिथेच मोजलं: १०.४. सेल्फच्या ओझ्याखाली ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा, आमची वर होती. म्हणजे बॅटरी निर्दोष. आता त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवली. "मार सेल्फ." मीटरवर ०.९ व्होल्ट.

खरं तर ऋण टोक आणि इंजिन म्हणजे एकच तार, दोघांमध्ये जवळपास शून्य दिसायला हवं. ०.२, फार तर ०.५ पर्यंत चालतं. आमच्याकडे जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जिरत होता. सेल्फ सुमारे दीडशे अँपिअर ओढतो असं धरलं, तर ०.९ व्होल्ट जिरायला फक्त ०.००६ ओहम अडथळा पुरतो. तो ओहममध्ये मोजायला गेलात तर साधा मीटर शून्यच दाखवील, तार ठणठणीत आहे असं वाटेल. म्हणून ओझं असताना व्होल्ट मोजायचे. ही एक चाचणी मला आधी माहीत असती तर बॅटरीचा खर्च वाचला असता.

बॅटरीचं ऋण टोक इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी जिथे बोल्टने धरलेली होती तिथे आम्ही पोचलो. बोल्टने सुटायला त्रास दिला. पट्टीचं टोक काढल्यावर खाली हिरवट-पांढरा खरखरीत थर होता, आणि मधल्या तांब्याच्या तारा काळ्या पडून काही तुटलेल्या. नवी पट्टी लावली, खालची जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला. पुन्हा मोजलं: ०.१. सेल्फ एकदम हलका झाला. आवाजच बदलला, आधीचं ओढून-ताणून केलेलं "घर्रर... घर्रर" जाऊन भरभर फिरणं आलं.

आणि तरीही गाडी पाऊण तासानंतर धरेना.

इथे मला खरंच वाईट वाटलं होतं. एक दोष सापडला, स्वच्छ सापडला, दुरुस्त झाला, आणि मूळ दुखणं जागच्या जागी. काका मात्र खूश होते. म्हणाले, "आता बरं झालं. दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली होती, एक वेगळं काढलं. आता सेल्फ नीट फिरतो, म्हणजे राहिलेला दोष चोख दिसेल."

पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला काय लागतं, हे त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं, ते झालं. योग्य वेळी ठिणगी हवी. हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण हवं. आणि सिलिंडरमध्ये दाब धरला जायला हवा. यातला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, त्यांनी लगेच मागे टाकला: कॉम्प्रेशन गेलेलं इंजिन एकदा सुरू झाल्यावर इतकं मऊ चालत नाही, आणि दिवसातून वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं वागत नाही. त्यांचं बोलणं मला पटलं.

ठिणगीकडे वळलो. गरम झाल्यावर बंद पडणारा क्रँकचा सेन्सर हा अशा तक्रारीत नेहमीचा संशयित. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, नेमका कुठे आहे हे त्या सेन्सरकडून कळल्याशिवाय गाडीचा संगणक ना ठिणगी देतो ना पेट्रोल. तो गेला की सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. आम्ही गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर जोडला आणि नेमका त्रास होत असताना पाहिलं: आरपीएम २१० दिसत होते. सेन्सर जागा होता. दोषाचा कोड मात्र एकही नव्हता. मला वाटायचं स्कॅनर लावला की दोषाचं नावच पडद्यावर येतं. तसं होत नाही. संगणकाला जे मोजता येतं आणि जे ठरलेल्या मर्यादेबाहेर जातं तेवढ्याचाच कोड पडतो.

कोड नसला तरी चालू आकडे बघता येतात आणि तिथे एक फार साधी परीक्षा आहे. रात्रभर उभ्या गाडीत, सेल्फ न मारता, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचायचं. रात्रभरात सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं, त्यामुळे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. आमचे २३ आणि २४ होते. कूलंटचा सेन्सर बिघडून गार इंजिनाला गरम म्हणत असता, तर संगणकाने पेट्रोल कमी दिलं असतं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते म्हणून सुरू होताना मिश्रण मुद्दाम दाट करावं लागतं. बाबांच्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हेच काम चोक ओढून हाताने व्हायचं. मला ते आठवतं, सकाळी चोक ओढायचा, इंजिन तापलं की हळूहळू आत ढकलायचा. आता तोच निर्णय एक छोटासा सेन्सर घेतो.

त्याच पडद्यावर आणखी एक आकडा होता, लाँग टर्म फ्युएल ट्रिम. आयडलवर, म्हणजे इंजिन जागेवर नुसतं चालू असताना, तो उणे ९ टक्के दिसत होता. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा अर्थ लागला नाही. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आणि विसरले.

तीन आठवडे संपले. वहीत ४४ नोंदी झाल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काका आणि मी त्या वेगवेगळ्या रंगांनी खुणा करत बसलो. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केली तर एका सेकंदात सुरू, एकदाही चूक नाही. रात्रभर थांबली तर तीन-चार सेकंद, वास नाही, धूर नाही. आणि अर्धा तास ते दीड तास थांबली तर सहा ते नऊ सेकंद, पेट्रोलचा वास, सुरू होताना लंगडणं आणि काळा धूर. थंडी-उन्हाचा काही संबंध दिसला नाही. पेट्रोल भरण्याचाही नाही.

हा शेवटचा मुद्दा काकांनी मुद्दाम तपासला. टाकीतली वाफ साठवून इंजिनात सोडणारा एक पर्ज व्हॉल्व असतो. तो उघडा अडकला तर पेट्रोल भरल्याबरोबर टाकीतली वाफ भसाभस इंजिनात ओढली जाते आणि गाडी नेमकी पेट्रोल भरल्यावरच सुरू व्हायला त्रास देते. आमच्या वहीत पेट्रोल भरल्याच्या पाच नोंदी होत्या आणि पाचही वेळा गाडी निमूट सुरू झाली होती. तरी काकांनी व्हॉल्वची जोडणी काढून त्यात फुंकर मारून बघितली. वीज नसताना तो बंद असायला हवा, तो बंद होता.

आता चावीचा प्रयोग. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत चावी 'ऑन'ला नेली की टाकीतला पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. मागच्या सीटखालून "घूंऽऽ" असा आवाज येतो, शांतता असेल तर कान दिला की कळतो. तेवढ्या वेळात तो नळीत दाब भरतो. नळीतला दाब उतरलेला असेल तर एकदा दोन सेकंद पंप चालून पुरत नाही. अशा वेळी सेल्फ न मारता चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करायची, प्रत्येक वेळी पंप थांबेपर्यंत थांबायचं, आणि मगच सेल्फ मारायचा. गाडी पटकन सुरू झाली तर दुखणं दाब उतरण्याचं.

पहाटे करून पाहिलं. तीन वेळा ऑन-ऑफ, मग सेल्फ: एका सेकंदात सुरू. मला वाटलं, सापडलं. याच दिवशी मी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथे सांगितलं की पंपातला उलट येऊ न देणारा व्हॉल्व गेलाय, रात्रीत पेट्रोल टाकीत परत जातं, पूर्ण पंप बदलावा लागेल. तर्क बरोबर होता आणि मी हो म्हणायच्या बेतात होते. पण वहीत पाऊण तासवाल्या नोंदी जास्त वाईट होत्या, आणि चावीचा प्रयोग मी तेव्हा केलाच नव्हता. म्हणून गाडी सोडली नाही. घरी आले, तासभर चालवली, पाऊण तास उभी ठेवली आणि तोच प्रयोग केला. तीन वेळा ऑन-ऑफ, सेल्फ. आठ सेकंद. वास आधीपेक्षा जास्त.

एकच युक्ती पहाटे लागू पडते आणि दुपारी उलटते. मी गोंधळून काकांकडे गेले. त्यांनी वही बंद केली आणि म्हणाले, "आता पाऊण तासाने पुन्हा बघू. पण या वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धर आणि सेल्फ मार. सुरू झाली रे झाली की पाय सोड."

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल तर संगणक समजतो की इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद ठेवतो. फक्त हवा आत जाते, जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं. जुन्या गाड्यांसारखा पेडल वरखाली करण्याचा मात्र इथे काही उपयोग नाही. पाऊण तासाने पेडल तळाला दाबून मी सेल्फ मारला. चार सेकंदांत इंजिन धरलं. पेट्रोल बंद ठेवलं तर सुरू होते, म्हणजे आत आधीच पेट्रोल साचलेलं होतं.

आणि मग काकांनी मागच्या पानावरचा तो उणे ९ आकडा उघडून दाखवला. ट्रिम उणे म्हणजे संगणक सतत पेट्रोल कमी करतोय, कारण ऑक्सिजन सेन्सर सांगतोय की मिश्रण दाट आहे. कुठून तरी न मागितलेलं पेट्रोल येतंय. इंजिन बंद झाल्यावरही एक इंजेक्टर ठिबकत असेल तर सगळं एकाच धाग्यात बसतं. पाच मिनिटांत फारसं ठिबकत नाही, म्हणून गाडी लगेच सुरू होते. पाऊण तासात पुष्कळ ठिबकतं. शिवाय इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि आतली उष्णता बाहेरच्या भागांत येते, इंजेक्टरांपाशी तापमान चढतं. तिथला दाब टिकला असता तर पेट्रोल उकळलं नसतं, पण दाबही ठिबकून गेलेला, म्हणून नळीत वाफेचे बुडबुडे. एकीकडे एका सिलिंडरमध्ये पूर, दुसरीकडे बाकीच्यांना धड पुरवठा नाही. रात्रभरात मात्र साचलेलं पेट्रोल उडून जातं किंवा पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. पहाटे उरतो तो फक्त उतरलेला दाब, आणि तो चावी ऑन-ऑफ करून भरून निघतो.

ऑइलचं ऐकून मी डिपस्टिक ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि नाकाशी नेल्याबरोबर पेट्रोलचा वास. महिनाभर मी ऑइलची पातळी बघून "कमी झालं नाही, छान" म्हणत होते. पेट्रोल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगना नीट सांभाळत नाही. नुसत्या सेल्फच्या त्रासापलीकडचं हे नुकसान होतं, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरलाही तापवून खराब करतं.

तर्क जुळला तरी काकांना पुरावा हवा होता. त्यांनी पेट्रोलच्या नळीत प्रेशर गेज जोडलं. याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो, नाहीतर जोडणी सोडताच पेट्रोल अंगावर उडतं. इंजिन पूर्ण गार, जागा मोकळी, शेजारी अग्निशामक, जवळपास ठिणगी उडेल असं काही नाही. यात काकांनी एका पायरीचीही घाई केली नाही. हे काम करून पाहिलेला कोणी सोबत नसेल तर पेट्रोलची जोडणी घरी उघडूच नये, असं मला मनापासून वाटतं.

चावी ऑन, दोन सेकंद, काटा ३.५ बारवर. मॅन्युअलमध्ये हाच आकडा. म्हणजे पंप सुदृढ. इंजिन थोडं चालवून बंद केलं आणि आम्ही काट्याकडे बघत बसलो. काटा सरकताना दिसत नाही, पण नजर वळवून परत बघितलं की खाली असतो. पाच मिनिटांत २.२. वीस मिनिटांत अर्ध्याच्याही खाली. गेजच्या जोडणीत एक छोटा बंद करायचा कॉक होता. पुन्हा दाब भरून तो कॉक टाकीच्या बाजूने बंद केला. आता टाकीकडे काही परत जाऊ शकत नव्हतं. काटा आता स्थिर राहिला असता तर दोष पंपातल्या व्हॉल्वचा. काटा तसाच उतरला. गळती इंजिनाच्या बाजूला होती. (नळी प्लॅस्टिकची असेल तर तिला क्लॅम्प मारून हीच परीक्षा करू नये, नळीला चीर जाते.) वर्कशॉपचा पंप मी बदलला असता तर नव्या पंपानेही तेच ठिबकणारं पेट्रोल पुरवलं असतं.

चारपैकी कोणता इंजेक्टर? अर्धा तास उभी ठेवून चारही प्लग काढले. एक, दोन आणि चार नंबरचे प्लग फिकट तपकिरी, कोरडे. तीन नंबरचा काजळी धरलेला काळा आणि टोकाशी ओला. फडक्यावर टेकवला तर गोल डाग पडला आणि बघता बघता उडून गेला.

शेवटी काकांनी चारही इंजेक्टर त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीसकट, म्हणजे रेलसकट, वर उचलले, प्रत्येकाखाली पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, कॉइलच्या जोडण्या काढून ठेवल्या आणि मला चावी ऑन करायला सांगितली. पंप दोन सेकंद वाजला. मी उतरून पुढे आले. तीन नंबरच्या टोकाशी एक थेंब हळूहळू फुगत होता. मोहरीएवढा झाला, थरथरला, लांबला आणि कागदावर पडला. लगेच तिथे पुढचा थेंब धरायला लागला. बाकीची तीन टोकं कोरडीठाक. एवढ्याशा थेंबासाठी तीन महिने, एक बॅटरी आणि आईचा तो दुपारचा त्रास. मी बराच वेळ तिथेच उभी राहून बघत होते.

तो इंजेक्टर अल्ट्रासॉनिक सफाईला दिला. कधी कधी टोकाशी बसलेला मळ निघाला की तो पुन्हा घट्ट बसतो. आमचा चाचणीच्या यंत्रावर सफाईनंतरही ठिबकत राहिला, म्हणून त्याच पार्ट नंबरचा नवा घेतला. बाकीच्या तिघांचा प्रवाह तिथेच मोजून घेतला, तो एकसारखा होता, म्हणून ते तसेच ठेवले. बसवताना चारही इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या टाकल्या, त्यांना बोटाने स्वच्छ ऑइलचा पुसट हात दिला, नाहीतर कोरडी रिंग बसताना मुरडते आणि तिथूनच गळायला लागते. प्लग चारही बदलले, गॅप मॅन्युअलप्रमाणे बघून घेतली. ऑइल आणि फिल्टर बदलला. जुनं ऑइल निघालं ते पाण्यासारखं पातळ धारेने.

गेज अजून जोडलेलंच होतं. इंजिन चालवून बंद केलं, आणि मी अर्धा तास त्या काट्यासमोर बसले. ३.५ वरून ३.२ वर आला आणि तिथेच थांबला. मग काकांनी गेज काढलं, जोडण्या पुसून, चावी ऑन करून कुठे ओलावा दिसतोय का ते टॉर्चच्या उजेडात एक एक करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा न्यायचं होतं. या वेळी पन्नास मिनिटं थांबावं लागलं. तिला बसवलं, काठी ठेवली, चावी फिरवली. एक सेकंदही लागला नाही. आईने मागून विचारलं, "सुरू झाली?" कारण तिला सेल्फचा आवाजच ऐकू आला नव्हता.

ट्रिम आठवड्याभरात उणे १ वर आला. हजार किलोमीटर झाल्यावर मी डिपस्टिक काढून पुन्हा वास घेतला आणि पातळी बघितली. पातळी तिथेच होती आणि वास फक्त ऑइलचा होता.